दवावरची पावलं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाभोवतीचे डोंगर अजून उभे आहेत, पण गावाचं नाव कुणालाच आठवत नाही.

त्या गावात एक कोष्टी राहायचा. खड्ड्यात पाय सोडून तो दिवसभर माग चालवायचा. मागाची पावडी दाबून दाबून त्याच्या उजव्या पायाचा अंगठा बाहेर वळला होता, आणि पाठ तर पार वाकली होती. वैद्यबुवांनी नाडी बघितली आणि ते म्हणाले, "तुला औषध न्हाई. रोज सकाळी नदीपत्तुर चालून येत जा."

तेव्हापासून कोष्टी रोज चालायला जाऊ लागला. सोबत त्याची लहानगी लेक असे. आता लेक म्हटल्यावर चालणं कसलं? गोगलगाय दिसली की ती फतकल मारून बसायची. कोळ्याच्या जाळ्याला फुंकर घालायची. नदी गाठेपर्यंत उन्हं वर यायची, पण कोष्ट्याला त्यात मोठी गंमत वाटायची.

गावात एक रीत होती. पहाटे कोतवाल पक्ष्याने हाक दिल्याशिवाय नदीच्या वाटेवर पाऊल टाकायचं नाही. तोवर वाट आपली नसते, असं म्हातारी माणसं सांगत. मग कुणाची असते, ते मात्र कुणी सांगत नसे.

एके दिवशी लेक झोपून राहिली आणि कोष्टी एकटाच निघाला. कोतवालाची हाक नुकतीच आली होती. वाटेवरच्या गवतावर दव पसरलं होतं, त्यावर कुणाचंही पाऊल नव्हतं. कोष्ट्याने पहिलं पाऊल टाकलं आणि त्याला वाटलं, आज सगळ्या गावाच्या आधी मी!

झालं. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. न मोडलेलं दव त्याला रोज हवं झालं. लेक म्हणाली, "बाबा, मी येऊ?"

"तू लई रेंगाळतीस. उद्या नेतो," कोष्टी म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही. पोरगी उंबऱ्यावर बसून राहायची आणि इकडे मागावर बसल्या बसल्या कोष्ट्याच्या मनात दवच असायचं. धागे तुटत, काठ वाकडे जात, त्याला पत्ता नसे.

आणि एका सकाळी, हाक येताच तो धावत वाटेवर आला, तर दवावर पावलं उमटलेली होती. कुणीतरी आधीच पुढे गेलं होतं.

कोष्ट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी तो कोतवालाच्या हाकेआधीच उठला. बायकोने हात धरला. "अवो, आजून हाक न्हाई आली. नगा जाऊ. पोरगी रोज तुमची वाट बघती."

"सोड गं," म्हणून तो हात झटकून निघाला.

वाटेवर धुकं होतं. कुठे पानही हलत नव्हतं. दवावर पुन्हा ती पावलं होतीच, अगदी ताजी. पुढे मात्र कुणी दिसत नव्हतं. कोष्ट्याने खाली वाकून बघितलं. उजव्या पावलाचा अंगठा बाहेर वळलेला होता. त्याने आपला पाय त्या ठशात ठेवला. तो नेमका बसला.

बाभळीवर कोतवाल बसला होता. तो हळूच बोलला, "माणसा, मी आजून हाक दिली न्हाई. मागं फीर."

"माझ्याम्होरं कोण चाललंय, ते सांग."

"तुझा हव्यास. तूच त्याला पाय दिलेस. त्याला जाऊ दे म्होरं. तू पोरीला घेऊन सावकाश चालायला लागलास, की तो आपसूक विरंल. पण त्याला मागं टाकू नगंस. जो मागं ऱ्हाईल, तोच घरी जाईल."

शहाणा असता तर इथूनच परतला असता. पण हव्यासाला कान कुठे असतात? कोष्टी जीव खाऊन पळाला. धुक्यातून पुढे कुणाच्या तरी धापा ऐकू येऊ लागल्या. मग त्या अगदी बाजूला आल्या, आणि मग मागे पडल्या.

तो नदीवर पोचला. समोर सगळीकडे दव जसंच्या तसं होतं. "मीच पहिला!" तो ओरडला आणि हसत मागे वळला.

मागेही दव जसंच्या तसं होतं. ज्या वाटेने तो पळत आला, तिच्यावर त्याचं एकही पाऊल उमटलं नव्हतं.

तेवढ्यात कोतवालाने हाक दिली. कोष्टी घाबरून घराकडे धावला. वाटेत पाणक्या भेटला, त्याला कोष्ट्याने हाक मारली. पाणक्या त्याच्या अंगातून गेल्यासारखा निघून गेला.

घरासमोर लेक उभी होती. तिने कुणाचं तरी बोट धरलं होतं. त्या माणसाचे पाय दवाने भिजलेले होते, आणि चेहरा कोष्ट्याचाच होता.

"बाबा, आज मला नेणार? खरंच?"

"नेणार की. सावकाश जाऊ. तुला काय काय बघायचंय ते दाव मला."

"पोरी, मी हितं हाय! बाबा हितं हाय!" कोष्ट्याने टाहो फोडला. लेक क्षणभर थांबली, तिने इकडेतिकडे बघितलं.

"बाबा, कुणी बोललं का?"

"वारा असंल," तो म्हणाला, आणि दोघं रमतगमत नदीकडे निघाली. बायको दारातून समाधानाने बघत राहिली. किती दिवसांनी आपला माणूस घरी आला, असं तिला वाटलं.

कोष्टी अजूनही त्या वाटेवर रोज सगळ्यांच्या आधी चालतो. त्याचा पहिला नंबर आता कुणी हिरावून घेत नाही.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: छंद माणसाला फिरवून घरी आणतो, हव्यास माणसाचं घरच घेऊन टाकतो.