फिरत्या घराचा रंग

कारखान्याचे माजी चेअरमन हिंदुराव शिंगटे यांनी बायकोला, वत्सलाबाईंना, कोकण दाखवायचं म्हणून आत शेगडी-पलंग असलेली गाडी बांधून घेतली, आणि मग रंगावर अडून बसले. अख्ख्या गाडीला रंग मारावा, की फायबरवरचा मूळचा चकचकीत थर, जेलकोट, तसाच ठेवावा? सल्ले देणारे दमले, रंगारी यायचे थांबले. शेवटी हिंदुराव गुरगुरले, "जन्मभर टिकेल असं काहीतरी सांगा कुणी."

वत्सलाबाई थकल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, जेलकोट उन्हानं विटतो, रंगावर काट्याकुट्यांचे ओरखडे उठतात. शेडमधून न हलणाऱ्या गाडीला मात्र दोन्ही जन्मभर टिकतात. टिकत नाही तो वाटेसाठी केलेला चिवडा. आज पुन्हा खवट निघाला."

हिंदुराव गाडीची किल्ली शोधायला उठले.