दाताखालचं बी

एका माळावर एक लहानशी वाडी होती आणि त्या वाडीचं बाजरीचं बियाणं गजराबाई सांभाळायची. घरोघरी बी ठेवलं तर कुणाचं उंदीर खातात, कुणाचं पाहुणे. म्हणून जुन्या माणसांनी ठरवून टाकलं होतं की निवडक कणसांचं बी सगळ्यांनी एकाच घरी आणून द्यायचं. तिथे ते वाळवायचं, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून मोठ्या रांजणात भरायचं आणि तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचं. मृग नक्षत्रात पेरणी आली की मगच रांजण फोडायचा, तोवर कुणी हात लावायचा नाही, अशी रीत होती.

आधी हे काम हौसाक्का करायची. तिचे डोळे अधू झाले, तसं तिनंच ते गजराबाईच्या हाती दिलं. देताना एकच गोष्ट शिकवली. "बी दाताखाली धरायचं. कट् वाजलं तर भरायचं, न्हाई वाजलं तर परत उन्हात. दात खोटं बोलत न्हाईत, गजरे. माणूस बोलतो."

गजराबाई कामाला पक्की होती. पण गेल्या कार्तिकात आभाळ भरून राहिलं, ऊन म्हणून पडेना. त्यातच तिच्या माहेरची जत्रा आली आणि भाऊ बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला. गजराबाईनं घाईघाईनं एक दाणा दाताखाली धरला. तो वाजला नाही, नुसता चेपला. दुसरा धरला, तोही चेपला. तिसरा तिनं धरलाच नाही. "एवढ्यानं काय हुतंय," असं पुटपुटत तिनं रांजण भरला, तोंड लिंपलं आणि गाडीत जाऊन बसली.

जत्रेत तिनं बांगड्या भरल्या, पाळण्यातही बसली. पण जीव काही रमला नाही, आणि त्यानंतर तो कुठेच रमेना. रांजण घराच्या कोपऱ्यात उभा. झाडताना ती तेवढा कोपरा सोडायची. मग कुणी नाहीसं बघून रांजणाच्या गळ्याशी नाक न्यायची. कुबट वास येतोय, असं वाटलं की चटकन मागे सरायची. छे, हा तर शेजारच्या गोणपाटाचा वास, अशी ती मनाची समजूत घालायची. एकदा तर गोणपाट अंगणात नेऊन टाकलं आणि परत येऊन वास घेतला. तरी कळेना. बघू संक्रांतीनंतर, म्हणता म्हणता संक्रांत गेली. बघू शिमग्यानंतर, म्हणाली. शिमगाही झाला. आणि पाडवा येऊन ठेपला.

पाडव्याची वाडीत एक वेगळीच चाल होती. गुढ्या उभारून झाल्या की सगळे पारावर जमायचे. प्रत्येकानं आधी कडुनिंब चावायचा आणि सरल्या वर्षात आपलं काय चुकलं ते मोकळेपणानं सांगायचं. मग गूळ खायचा आणि नव्या वर्षाचा संकल्प बोलायचा. आधी कडू, मग गोड. पण कडू कुणाला आवडतं? हळूहळू लोकांनी दोन्ही एकत्र वाटून गोळी करायला सुरुवात केली, आणि दरसाल गोळीत गूळ वाढत गेला. चुकासुद्धा तशाच गोड होत गेल्या. आता तर पोरं दुसरी गोळी मागून खात.

सणाच्या आदल्या दिवशी गजराबाई गुढीचा तांब्या घासत बसली होती. तिचा नवरा केरबा बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "अगं, किती घासशील? भोक पडंल त्याला."

गजराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं सगळं सांगून टाकलं. केरबानं आधी दार लोटून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "कुणाजवळ बोलू नगंस. पेरलं आन् न्हाई उगवलं, तर लोक पावसाला नावं ठेवत्यात. पावसानं आजवर कुणाला उलट उत्तर दिलंय?"

बोलणं सोयीचं होतं. गजराबाईला ते पटू लागलं. तिनं मनाशी संकल्प रचायला घेतला. पुढल्या वर्षी नवा रांजण घेईन. बी दुप्पट वाळवीन. जत्रेचं नाव काढणार नाही. संकल्प मोठा होत चालला, तसं तिला बरं वाटू लागलं. जुना रांजण मात्र होता तिथेच होता, तोंड मिटून.

दुसऱ्या दिवशी पार भरला. नारबा नावाचा शेतकरी सगळ्यांत आधी उठला. गोळी चघळत म्हणाला, "माझं चुकलं ते एवढंच, की मी लोकांच्या फार उपयोगी पडलो. जिवाकडं बघितलं न्हाई." लोकांनी माना डोलावल्या. दाजी पाटील म्हणाले, "मी सगळ्यांशी फार मऊ वागलो." पुन्हा माना डोलल्या. अशी एकेकाची पाळी सरकत गजराबाईकडे येत होती. पळून जावं म्हटलं, तर शेजारी हौसाक्का तिचा पदर धरून बसलेली.

पाळी आली. गजराबाईनं गोळी तोंडात टाकली आणि दात मिटले. गोळी मऊ होती. दाताखाली न वाजता चेपली, कार्तिकातल्या त्या दाण्यासारखीच. रचून ठेवलेला संकल्प तिच्या तोंडातून निघेचना.

"रांजणात म्यां ओलं बी भरलंय," ती म्हणाली. "दाणा वाजला नव्हता. मला ठावं हुतं. जत्रंला जायचं हुतं, म्हणून भरलं."

केरबानं मान खाली घातली. पहिला आवाज फुटला तो नारबाला. "आन् हे तू आज सांगतीस, वहिनी? आज तोंड गोड करायचा दिवस!"

"आज सांगितलं म्हणून पुढल्या पाडव्याला गोड करायला काही उरंल, नारबा," हौसाक्का म्हणाली. "पेरल्यावर सांगितलं असतं, तर काय चाटत बसला असतास?"

पाटील अडखळले. "पण मृगाआधी रांजण फोडायची रीत न्हाई."

"रीत म्यां कार्तिकातच मोडली, पाटील," गजराबाई म्हणाली. "आता फोडला तर रांजण जाईल. न्हाई फोडला तर वाडी जाईल."

रांजण अंगणात आणून फोडला. कुबट वासानं बायकांनी पदर नाकाला लावले. वरचं बी बरं दिसत होतं. खाली मात्र बुरशीची ढेकळं झाली होती. त्यातल्या त्यात चांगलं मूठभर बी, उगवतंय का बघायला, ओल्या फडक्यात बांधून ठेवलं, तर इथे एक मोड, तिथे एक मोड. सगळी वाडी त्या फडक्याकडे बघत राहिली.

मग पाटील आणि केरबा डोंगरापलीकडच्या गावी गेले. त्या गावाकडे जादा बियाणं होतं आणि ते बाजारात न्यायला गाड्या भरत होत्या. आणखी थोडा उशीर झाला असता, तर रिकाम्या हातानं परतावं लागलं असतं. बियाण्याच्या बदल्यात वाडीनं त्या गावाची विहीर खणून द्यायची, असं ठरलं. वैशाखाच्या उन्हात घरटी एक माणूस खणायला गेलं. गजराबाई स्वतः माती वाहत होती. नारबाची पाठ धरली आणि तो येता-जाता तिचा उद्धार करायचा. ती ऐकून घ्यायची. चूक तिची होती.

मृगात पेरणी झाली आणि बाजरी उगवली. गजराबाई बांधावर बसून पोटभर रडली.

पुन्हा कार्तिक आला. रांजण कुणाकडे द्यायचा, असा प्रश्न निघताच नारबा म्हणाला, "माझ्याकडं द्या. माझ्या हातनं आजवर चूक झालेली न्हाई."

"म्हणूनच नगं," हौसाक्का म्हणाली. "चूक कशी दिसती ते जिला ठावं हाय, तीच ती रांजणात शिरताना बघंल."

नवा रांजण गजराबाईच्या घरी आला. त्याही वर्षी जत्रा होती. भाऊ गाडी घेऊन दारात आला, तेव्हा ती दाणे दाताखाली धरत होती. वरचे वाजले. तळाचा एक वाजला नाही. "दादा, तू हो म्होरं," ती म्हणाली आणि सगळं बी पुन्हा उन्हात पसरलं.

पाडव्याला पारावर कडुनिंब वेगळा आणि गूळ वेगळा ठेवला होता. पाला गजराबाईनंच कोवळा, कडूजहर खुडून आणला होता. नारबानं तो चावला. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. नेहमीचं गोड वाक्य काही त्याच्या जिभेवर येईना. मग तो खाली बघत म्हणाला, "चांगली कणसं म्यां घरात ठेवली. रांजणाला हलकी दिली, पोचट. औंदाच न्हाई, दरसाल."

बी वाजलं होतं, पण पोचट दाणाही वाजतो. रांजण पुन्हा फोडावा लागणार होता. लोक नारबावर तुटून पडणार, एवढ्यात गजराबाई उठली. तिनं गुळाचा खडा उचलून त्याच्या हातावर ठेवला.

"पेरणीला येळ हाय अजून," ती म्हणाली. "चला, घरातली कणसं काढा, भावजी."

तात्पर्य: सरल्या वर्षाचा रांजण उघडून बघितल्याशिवाय नव्या वर्षाचा संकल्प करू नये. चूक वेळेवर सांगितली तर तोंडच कडू होतं, लपवली तर पेरणी वाया जाते.