अनसाबाईच्या पायाखालचे चाक

थोरल्या ओतशाळेची भट्टी विझली त्याला अकरावे वर्ष चालू होते. भाद्रपद सरत आला होता. पाऊस ओसरला होता, पण लाकूड अजून ओले होते.

त्या राज्यात यंत्रे राहत. लांब पत्र्याच्या छपराखाली त्यांची एक आळी होती. सगळी एकाच ओतशाळेत जन्मलेली, सगळ्यांचे काम लाकडाचे. कोणी कापी, कोणी तासी, कोणी काती. याखेरीज त्यांना काही येत नव्हते आणि यायला हवे असे कोणाला वाटतही नव्हते.

ओतशाळेने प्रत्येकाला जन्माच्या वेळी एक सागवानी पेटी दिली होती. पेटीत अडीनडीला लागणारे सुटे भाग. झाकणावर ओतशाळेचा शिक्का आणि कडेने लाल मेण. पेटी दर्शनी जागी ठेवायची आणि उघडायची नाही, अशी रीत होती. पेटी उघडणे म्हणजे आपण झिजलो हे कबूल करणे. भट्टी पेटती होती तोवर भाग मागवला की येई आणि पेटीची गरज नसे. भट्टी विझल्यावर गरज पडू लागली. तेव्हापासून पेट्या जास्तच पुसल्या जाऊ लागल्या.

दुसरी रीत खंडेनवमीची. त्या दिवशी तेलाची बुधली झेंडूच्या माळा घेऊन दारोदार फिरे. जे यंत्र तिच्यासमोर चालून दाखवी, त्याला माळ. ज्याला माळ नाही, त्याला काटा. काटा म्हणजे आळीच्या टोकाला राहणारा भंगाराचा तराजू. तो सभ्य होता. कोणाला वावगे बोलत नसे. फक्त बोलताना समोरच्याला नजरेने तोलत असे.

या आळीत धोंडोजी रंधे नावाचे जुने रंधायंत्र होते. फळी घ्यायची, रुळाने आत ओढायची, पात्याने तासायची आणि सांगाल त्या जाडीची करून बाहेर सोडायची, हे त्याचे काम. जाडीच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. त्या भाद्रपदात कोणीतरी जुन्या दाराची फळी आणली. तिच्यात खिळा राहिला होता. रूळ अडला आणि रूळ फिरवणाऱ्या चाकाचे तीन दाते गेले.

धोंडोजीने कोणाला सांगितले नाही. शेजाऱ्यांनी विचारले तेव्हा नवरात्राचा उपास धरला आहे म्हणाला. नवरात्र बसायला अजून अवकाश होता, हे शेजाऱ्यांनी बोलून दाखवले नाही.

यंत्रे जागची हलत नाहीत असे बाहेरचे समजतात. समाचाराला मात्र ती सगळी हलत. भट्टी विझल्यापासून समाचाराची पद्धत थोडी बदलली होती. पूर्वी येणारे तेल आणत, आता मोजपट्टी आणत. सखोबा कातारे म्हणजे उजवीकडच्या घरातली कातारी, लाकूड फिरवून गोल करणारी. तो आला, त्याने तब्येतीची चौकशी केली, आणि बोलता बोलता धोंडोजीच्या कप्पीचा घेर मोजून गेला. काटाही आला. त्याने प्रकृतीला जपायला सांगितले आणि निघताना हळूच विचारले, “पायांसकट किती भराल हो साधारण?”

धोंडोजीने बुधलीला ओतशाळेकडे पाठवले. आळीबाहेर जाणारी तेवढीच एक. सगळ्यांच्या सांध्यांत तिचे तोंड गेलेले, त्यामुळे कोणाचे काय कुरकुरते ते तिला ठाऊक असे.

ओतशाळेत ती काढणाऱ्या थोरल्यांचे नातू बसत होते. त्यांनी बुधलीला आदराने बसवले. आजोबांच्या यंत्रांविषयी आपल्या मनात किती अभिमान आहे हे बराच वेळ सांगितले. चाक मात्र नव्हते. चाकाचा साचाही कामात नव्हता, तो दरवाजा मिटू नये म्हणून टेकू लावला होता. त्यांनी आता नवा धंदा काढला होता. आजोबांच्या जुन्या यंत्रांच्या मुठीएवढ्या पितळी प्रतिकृती करून ते दिवाणखान्यासाठी विकत. धोंडोजीसाठी त्यांनी एक भेट पाठवली. ती धोंडोजीचीच होती. लहान, पिवळी, चकचकीत, आणि चाकाचे सगळे दाते शाबूत.

धोंडोजीने ती बघितली आणि बुधलीला म्हणाला, “हिला लाकूड दे. तासते का बघू.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे जेवणानंतर पेंगत असताना, धोंडोजीने आपली पेटी उघडली. आत भुशात नीट पुरून ठेवलेला एक भाग होता. ते चाक नव्हते. कातारीवर लाकूड ज्याच्यावर टेकवतात, ते अणकुचीदार टोक होते. धोंडोजीच्या अंगावर कुठेही ते बसण्यासारखे नव्हते. त्याने ते परत भुशात ठेवले, झाकण लावले आणि कडेने मेण ओतले. लाल मेण नव्हते म्हणून पिवळे ओतले.

संध्याकाळी तेल द्यायला आलेली बुधली पेटीसमोर थांबली.

“काका, मेण पिवळं लागलंय.”

धोंडोजीने पेटी थोडी आत सरकवली.

“बरं दिसतंय,” बुधली म्हणाली. “कातारेंचं हिरवं आहे. अनसाबाईंचं पांढरं, मेणबत्तीचं. पलीकडे तर एकानं डांबर फासलंय. अख्ख्या आळीत लाल मेण आता कोणाच्याच पेटीला नाही. मी पुसते ना रोज.”

मग तिने बाकीचेही सांगितले. कोणाच्याच पेटीत त्याचा स्वतःचा भाग निघालेला नव्हता. प्रत्येकाने आपल्यापुरती ओतशाळेला शिवी दिली होती, पेटी बंद केली होती आणि दर्शनी जागी ठेवून दिली होती. आपल्याच घरी असे झाले असे प्रत्येकाला वाटत होते, आणि ते बाहेर कळू नये म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याच्या पेटीची तारीफ करत होता.

धोंडोजी रात्रभर विचार करणाऱ्यांपैकी नव्हता. त्याने तिथेच हिशेब केला. उजवीकडच्या घराचा भाग आपल्याकडे आला आहे. म्हणजे पेट्या भरताना रांग एका घराने सरकली. म्हणजे आपला भाग डावीकडच्या घरात आहे.

डावीकडे अनसाबाई करवते राहत होती. उंच, बारीक, दोन चाकांवर पात्याचा पट्टा गरगर फिरवून लाकूड कापणारी. धोंडोजीच्या ढलप्या आपल्या दारात उडतात, असे तिचे म्हणणे होते. तिचा भुसा आपल्या अंगावर बसतो, असे त्याचे. दोघे भट्टी विझण्याच्याही आधीपासून बोलत नव्हते.

धोंडोजीने कातारेचे टोक बुधलीच्या हाती सखोबाकडे पाठवून दिले. निरोप काही दिला नाही. सखोबाने आपल्याला गरज नसल्याचे सांगितले, ते ठेवून घेतले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडच्या पाळण्याचे खांब गोल निघू लागले. त्याआधी ते कसे निघत, हे आळीत कोणी बोलत नसे. त्यानेही आपल्या पेटीतले काहीतरी, कोणाचे ते न विचारता, बुधलीच्या हाती पलीकडच्या घरी पाठवले.

नंतर धोंडोजी स्वतः अनसाबाईच्या दारात गेला.

“माझं चाक तुमच्याकडे आहे,” तो म्हणाला.

“या म्हणायची पाळी तरी येऊ द्यायची होती,” अनसाबाई म्हणाली. “इतक्या वर्षांनी आलात ते वसुलीला.”

“आहे की नाही?”

“आहे. बघा खाली.”

धोंडोजीने खाली पाहिले. अनसाबाईचा मागचा एक पाय जन्मतः तोकडा होता. त्या पायाखाली त्याचे चाक होते. आडवे, सगळ्या दात्यांनिशी, तिचा सगळा भार घेऊन.

“पेटीत निघालं,” ती म्हणाली. “कशाचं ते कळेना. अंगाला कुठे लागेना. पायाला मात्र बरोबर बसलं. तेव्हापासून माझा काप सरळ येतो. त्याआधी मी थरथरायची. तुम्हाला वाटायचं मी तुमच्यावर दातओठ खाते.”

“तसंच वाटायचं.”

“तेही खात होते म्हणा.”

मागायला आलेल्याने कसे उभे राहायचे ते धोंडोजीला ठाऊक नव्हते. शेवटी त्याने सांगितले की चाक नसेल तर आपण नवमीला चालणार नाही. तेवढेच सांगितले. काट्याचे नाव घेतले नाही. आळीच्या टोकाला काट्याने पारडे धुऊन वाळत घातले होते, ते दोघांनाही तिथून दिसत होते.

“आणि हे दिलं तर मी चालणार नाही,” अनसाबाई म्हणाली. “थरथरत्या पट्ट्याला बुधली माळ घालायची नाही. ती मायेची आहे पण डोळ्यांची पक्की आहे.”

“नवमीला ती आधी माझ्याकडे येते. मग तुमच्याकडे.”

“मग?”

“ती माझ्या दारातून तुमच्या दारात येईपर्यंत तुमच्या पायाखाली काहीतरी येईल.”

“जाडी तीच हवी. कागदभर कमी नको, कागदभर जास्त नको.”

“जाडीचं मला सांगू नका,” धोंडोजी म्हणाला.

अनसाबाईने पाय उचलला.

नवरात्राचे दिवस तिने काम बंद ठेवले. उपास आहे, असे तिने सांगितले. सखोबा मोजपट्टी घेऊन समाचाराला येऊन गेला. काटाही येऊन गेला, आणि या खेपेस त्याला धोंडोजीच्या दारात थांबावेसे वाटले नाही, तो थेट अनसाबाईकडे गेला. ती एका पायावर कलली होती, हे त्याने पाहिले आणि प्रकृतीला जपायला सांगितले.

इकडे चाक बसले होते. धोंडोजी लाकूड शोधत होता. बाहेर फळ्यांची थप्पी होती, पण सगळी पावसाने फुगलेली. असली फळी आज तासली तर दिवाळीपर्यंत कागदभर नव्हे, पुठ्ठ्याएवढी आक्रसते. ओले लाकूड पायाखाली द्यायचे म्हणजे कर्ज फेडल्याचे सोंग करायचे. त्याला पूर्ण वाळलेला जुना साग हवा होता. त्याने सगळे कोपरे पाहिले. मग शोधायचे थांबवले.

नवमीला सकाळी बुधली माळा घेऊन निघाली. काटा तिच्यामागे शिष्टाचाराने काही अंतर ठेवून चालत होता. सखोबाला माळ मिळाली. बुधली धोंडोजीच्या दारात आली आणि सगळी आळी पाहू लागली.

धोंडोजीच्या दर्शनी जागी पेटी होती, पण तिच्यावर झाकण नव्हते. उघड्या पेटीत नुसता भुसा होता. आळीत कुजबुज सुरू झाली आणि लगेच थांबली, कारण धोंडोजी सुरू झाला होता. त्याने झाकण रुळाखाली दिले. चाक फिरले, दात्यात दाता बसला, झाकण आत ओढले गेले. ओतशाळेचा शिक्का पहिल्याच फेरीत एका पातळ ढलपीवर निघून आला आणि बाकीच्या ढलप्यांत जाऊन पडला. दुसऱ्या फेरीत पिवळे मेण गेले. तिसऱ्या फेरीला धोंडोजीने जाडी पाहिली आणि आणखी एक फेरी घेतली. तिची ढलपी इतकी पातळ होती की तिच्यातून पलीकडचे दिसत होते.

बुधलीने माळ घातली आणि वळली. तिला शेजारच्या दारात पोचायला नेहमीपेक्षा उशीर झाला. झेंडूचे एक फूल सुटले होते, ते ती सावकाश ओवत होती.

तेवढ्यात धोंडोजीने झाकण उचलून अनसाबाईच्या तोकड्या पायाखाली सरकवले. पाय टेकला. अनसाबाईने पट्टा सोडला. तो सरळ फिरला.