ठेवणीतली लोकर

लोकरीला तोंड होतं तेव्हाची ही गोष्ट. आता असतं तरी ऐकतंय कोण म्हणा.

भागूबाई विणकाम करायची. तिच्या पेटाऱ्यात अबोली रंगाची मऊशार लोकर होती आणि शेजारी धनगराकडची काळी, खरखरीत. भागूबाई अबोलीला गालाला लावायची आणि म्हणायची, "हिची एखादी शालच करू," आणि परत ठेवायची. अबोली फुगायची.

एकदा नातीच्या टोपड्यासाठी भागूबाईनं तिलाच काढलं. अबोलीनं मुद्दाम असा गुंता करून घेतला, की बाईनं कंटाळून ती पुन्हा आत टाकली.

"बये, चांगलं टोपडं झालं असतं," काळी म्हणाली. तिची गावच्या गुरवासाठी कानटोपी करायचं ठरलं होतं.

"पोरं लाळ गाळतात."

"मला गुरवाच्या टकलाचा घाम प्यायचाय. पण ऊन तरी बघेन. तू बस इथंच, राणीसाहेब."

काळी गेली. मग पेटाऱ्यात लोकर कुरतडणारी कसर शिरली. मऊ धागा तिला जास्त आवडतो. अबोलीनं हाका मारल्या, पण झाकण जाड होतं.

शेवटी भागूबाई खरंच शाल विणायला बसली. धागा ओढला, तुटला. गाठ मारली, पुढं तुटला. अबोलीनं स्वतःला घट्ट धरायचं म्हटलं, पण धरायला अंगात काही उरलंच नव्हतं.

भागूबाईनं सुया खाली ठेवल्या. "चांगली होती," ती सुनेला म्हणाली.

ते 'होती' अबोलीनं ऐकलं.