पाखऱ्याचं जू आणि चिनी ट्रॅक्टर

बैल आणि यंत्रं एकमेकांशी गप्पा मारायची, तेव्हाची गोष्ट. यमाजीने डाळिंबाच्या बागेसाठी स्वस्तातला चिनी ट्रॅक्टर आणला. तो फांद्यांखालून सहज जायचा, डिझेलही कमी प्यायचा. पाखऱ्या बैलाच्या मानेला आराम मिळाला.

"आता ते जू चुलीत घाला," ट्रॅक्टर ऐटीत म्हणाला.

"राहू दे की," पाखऱ्या म्हणाला. "खुंटीवर टांगलेलं काय खायला मागतंय?"

ऐन मशागतीत ट्रॅक्टरचा एक पार्ट तुटला. तालुक्यातल्या सगळ्या दुकानदारांनी हात वर केले. तो चीनहूनच यायचा होता. मग पाखऱ्या आणि त्याच्या जोडीदाराने जू मानेवर घेतलं, ट्रॅक्टर ओढत घरी आणला आणि मशागतही उरकली.

अखेर पार्ट आला, ट्रॅक्टर धडधडला. यमाजी खुशीत जू चुलीकडे न्यायला लागला, तसा जोरात हॉर्न वाजला.

"मालक, थांबा! माझा गावात मिळणारा तेवढा एकच पार्ट आहे!"