बसून खाणारं इंजिन

"ते दुसरं इंजिन नुसतं बसून खातं!" महाराज वीजघरात कडाडले. "उद्यापासून दोन्ही राबली पाहिजेत. शुक्रवारी तिन्हीसांजेला त्यातलं एक मी अचानक बंद करायला लावीन. गावातला एक जरी दिवा गेला, तर तुम्ही सरहद्दीपार."

हे 'तुम्ही' म्हणजे मी, चिंचगड संस्थानचा वीज अभियंता. विलायतेहून एक पदवी आणि एक ओव्हरकोट घेऊन आलेला. सबंध गावाची वीज दोन इंजिनांवर. एक चालायचं, दुसरं ते बिघडलं तर हाताशी असावं म्हणून राखीव. आता वीज राखीव ठेवायची, पण रिकामं काहीच ठेवायचं नाही, हे जमावं कसं? तीन दिवस आकडेमोड केली. दर वेळी उत्तर वेगळं आलं, एवढीच काय ती प्रगती. शेवटी ट्रंक भरायला घेतली.

विजेच्या गिरणीवर दळणारी कौतिकाबाई माझं पीठ द्यायला आली आणि ट्रंक बघून थबकली. मी सगळं रडगाणं गायलं. तिने विचारलं, दुसरं इंजिन चालवलं तर काय काय चालेल? मी म्हटलं, गिरणी, पाण्याचा पंप आणि महाराजांचं लाडकं कारंजं. दिवे लागले की ही तिन्ही बंद ठेवावी लागत, एका इंजिनाला सगळं पेलत नसे.

"मग ती सांजचीबी चालू ठेवा की, सायेब. फकस्त तिन्हींची मिळून एक कळ करा, अन् ती माझ्या हाती द्या. दळण घटकाभर थांबलं म्हणून नासत न्हाई."

पदवीधर माणूस दुसरं काय करणार? दिली.

शुक्रवारी राजवाड्याच्या अंगणात सारा गाव लोटला. शेजारच्या वीजघरात दोन्ही इंजिनं धापा टाकत होती. महाराजांनी हात वर केला. "एक बंद करा!" त्याच क्षणी कौतिकाबाईने अंगणातच बसवलेली ती कळ ओढली. मी डोळे गच्च मिटले होते, त्यामुळे पुढचं ऐकीव आहे: एकही दिवा गेला नाही.

"दोन्ही इंजिनं तर राबत होती," महाराज चकित होऊन कौतिकाबाईला म्हणाले. "मग राखीव वीज ठेवली होतीस कुठे?"

"सरकार, मागं वळून बघा."

कारंजं थांबलं होतं.

"इतका येळ तिथं नाचत हुती. कामाला बोलावली, तशी आली."

महाराज पागोटं सावरत खो खो हसत सुटले. कौतिकाबाईला वीजघराची मुखत्यारी मिळाली. मला महिनाभर तिच्या हाताखाली शिकायची आज्ञा झाली.