प्यायलेलं दूध

“प्यायलेलं दूध परत करता येतं का, पीरबाबा?”

शेरजानने हे विचारलं तेव्हा त्याची बायको पलवशा पोराला कडेवर घेऊन मागेच उभी होती. असं कुणी तोंडाने विचारू शकतं, यावर तिचा विश्वास बसेना. मग वाटलं, न बसायला काय झालं... आपणही आलोच की याच्याबरोबर, मुकाट्याने.

काबूलपासून दूर, डोंगरातली ती खानकाह, सूफींचा मठ. तुतीच्या झाडाखाली पीरबाबा वाळलेली तुती निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाचं दूध?”

“शेजारणीचं. गुलबख्तचं. हजारा आहे ती, शिया.”

बाकीचं शेरजानने भराभर सांगून टाकलं. बाळंतपणानंतर पलवशा तापाने फणफणली, दूध आटलं. तेव्हा त्याच्या आईने नातवाला उचललं आणि भिंतीपलीकडे गुलबख्तच्या मांडीवर दिलं. शरियतीप्रमाणे पाजणारी बाई पोराची आईच होते, तिची मुलं त्याची भावंडं. इथवर कुणाची तक्रार नव्हती. पण आता गल्लीतल्या पश्तून बुजुर्गांनी ठरवलं होतं, हजारा लोकांचं ते एकुलतं एक घर हिवाळ्याआधी उठवायचं. शेरजान मशिदीचा इमाम, त्यामुळे उद्या जुम्म्याचा खुतबा, म्हणजे प्रवचन, त्याचंच, आणि नमाजनंतर फैसलाही त्यानेच सांगायचा. आणि लोक विचारणार, मुल्लासाहेब, पोराच्या आईलाच घालवता?

म्हणून बाबांनी एवढंच म्हणावं. परक्या जमातीचं, परक्या पंथाचं दूध नात्यात धरत नाहीत.

पलवशाच्या कानशिलांत रक्त उसळलं. ती तापात बरळत होती तेव्हा हीच परकी बाई एका अंगाला आपली लेक आणि दुसऱ्या अंगाला हे पोर, इमल, घेऊन बसायची. तेव्हा पंथ कुणी विचारला होता? इमलने तर नाहीच.

“उद्या खुतब्यात काय बोलणार आहेस?” बाबांनी विचारलं.

शेरजान खुलला. शहरात शिकून आलेला, आवाज कमावलेला. “या मुलखात पश्तून, ताजिक, उझबेक, हजारा... सगळे एकाच कलम्याचे. एकाच घरातली माणसं.”

“मोठ्याने. मशिदीत बोलतोस तसं.”

शेरजानने आवाज चढवला. इमल दचकला आणि त्याने भोकाड पसरलं.

पलवशाने थोपटलं, झुलवलं, पदराखाली घेतलं. छातीत काही नव्हतंच. दुधाबरोबर आपलं बोलणंही आटलं असावं, असं तिला अलीकडे वाटायचं.

“इमलचे अब्बा, थांबा. पोर घाबरलंय.”

“चालू दे,” पीरबाबा म्हणाले.

“आपला देश एक,” शेरजान गरजला, “आपलं इमान एक...” इमल त्याच्याही वर ओरडत होता.

फाटक करकरलं. गुलबख्त आत आली. आपल्या घराचं काय होणार ते इथे ठरतंय, हे तिच्या कानावर गेलं होतं. सकाळपासून ती बाहेर भिंतीला टेकून बसली होती, कुणी बोलावलं नव्हतं म्हणून. आता चार पावलं आली आणि थबकली.

नमाज पढताना ती शिया रीतीने हात बांधत नाही, मोकळे सोडते, यावरून गल्लीत किती कुजबुज झालेली. आत्ता मात्र तिने दोन्ही हात छातीशी घट्ट बांधले होते. तरी निळ्या कमीजवर, हातांच्या खालून, दोन ओले डाग पसरत चालले होते.

पलवशाला लगेच कळलं. शेरजानला जरा वेळाने. त्याने नजर खाली घातली. खुतबा मध्येच राहिला.

पलवशाने कुणाला विचारलं नाही. अंगण ओलांडून तिने इमलला गुलबख्तच्या हातात दिलं. मग वळली. “त्यांना घालवायचंय ना? मग याच्या अंगातलं आधी उपसून काढा... मी धरते याला.”



पीरबाबांनी खांद्यावरची शाल काढली आणि वर न बघताच पुढे धरली. पलवशाने ती नेऊन दोघांवर पांघरली. रडणं थांबलं. मग नुसते घोट ऐकू येत राहिले.

“बाबा...” शेरजान म्हणाला, “माझ्या प्रश्नाचं काय?”

बाबांनी एक किडकी तुती बाजूला टाकली.

“उद्या सगळ्यांदेखत तिलाच सांग... पोर रडलं तर पाझरू नकोस, म्हणावं.”